सोयाबीन काढताना हार्वेस्टरच्या मागून दाणे पडत आहेत; दोष जाळीत आहे, वॉकरमध्ये आहे की पंख्यात?

वसमतची लेक, विक्रोळी

नमस्कार. मी विक्रोळीला एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांचे काम करते. माझा धाकटा भाऊ हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात शेती पाहतो आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक जुना हार्वेस्टर घेतला. यंत्राचा कटर बार, म्हणजे पीक कापणारा पुढचा भाग, १४ फुटी आहे, मळणीचा ड्रम आडवा आहे, मागे भुसकट हलवून त्यातला उरलेला दाणा गाळणारे पाच स्ट्रॉ वॉकर आहेत आणि इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांचे आहे. गेल्या हंगामात गव्हात त्याने काहीच त्रास दिला नाही. यंदा सोयाबीनमध्ये मात्र दाणे भुसकटासोबत मागून बाहेर पडत आहेत.

हे प्रथम लक्षात आले ते पावसामुळे. पहिली चार-पाच शेते काढून झाल्यावर दोन दिवस पाऊस झाला. दसऱ्याला मी गावी गेले तेव्हा बांधावर उभी राहून पाहिले, तर कोणी तिफणीने पेरल्यासारखे चार-सव्वाचार फूट रुंदीचे हिरवे पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत उगवले होते आणि दोन पट्ट्यांमधली जमीन जवळजवळ रिकामी होती. ज्या काकांचे ते शेत होते त्यांनी भांडण केले नाही. त्यांनी वाकून मूठभर रोपे उपटली आणि माझ्या भावाच्या हातात दिली. मुळांना अजून दाण्याचे साल चिकटलेले होते. ते पाहून आम्हा दोघांनाही फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी ताज्या काढलेल्या शेतात मी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकट ठेवून दाणे मोजले. भुसकट हलक्या हाताने बाजूला केल्यावर पट्ट्यात सरासरी ३१० दाणे मिळाले आणि पट्ट्याबाहेर ४०. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम भरले. त्यावरून मी हेक्टरी ३७२ किलो, म्हणजे एकरी दीड क्विंटल नासाडी होते असा हिशोब मांडला. त्या शेताचा उतारा एकरी आठ क्विंटलच्या आसपास होता, त्यामुळे हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे.

सध्या ड्रम ७०० फेऱ्यांवर आहे, ड्रमखालची जाळी गव्हापेक्षा थोडी सैल केली आहे, चाळणीवरचा कचरा उडवणारा पंखा जवळजवळ पूर्ण आहे आणि यंत्राचा वेग ताशी साडेचार किलोमीटर आहे. टाकीतल्या शंभर दाण्यांत सहा-सात दाण्यांची डाळ झालेली दिसते. भुसकटात भरलेल्या शेंगा फारशा सापडत नाहीत, दाणे सुटेच असतात. पंखा कमी केला की टाकीत कचरा येतो आणि वाढवला की मागून दाणे जास्त पडतात. वरची चाळणी उघडली तर रिटर्नचा एलिव्हेटर, म्हणजे अर्धवट मळलेला माल पुन्हा ड्रमकडे नेणारा भाग, भरून जातो. भाऊ रोज काहीतरी बदलतो आणि संध्याकाळी पुन्हा होते तिथेच आणून ठेवतो. नेमके कुठून पाहायला सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी आणखी एकदा गावी जाऊ शकते आणि इथून मोजमापाचे साहित्यही नेऊ शकते.

जुना फिटर, भांडुप

ताई, आपण आकडे मोजून दिलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. मी पस्तीस वर्षे कापणी-मळणी यंत्रांच्या दुरुस्तीत काढली आणि आता निवृत्त होऊन भांडुपला मुलाकडे राहतो.

आधी हिशोब दुरुस्त करू, कारण त्यात आपली बाजू थोडी हलकी होते. १४ फुटी यंत्र सुमारे ४.२७ मीटर रुंदीचे पीक आत घेते, पण मागचे भुसकट ते १.३ मीटरच्या पट्ट्यात टाकते. पट्ट्यातले दाणे म्हणजे सव्वातीन पट रुंदीतून गोळा होऊन पडलेले दाणे असतात. पट्ट्यातल्या ३१० मधून बाहेरचे ४० वजा करा. उरलेल्या २७० ला ३.२८ ने भागले की ८२ दाणे येतात, त्यांचे वजन सुमारे १० ग्रॅम. चौरस मीटरला १० ग्रॅम म्हणजे हेक्टरी १ क्विंटल, हे गणित कायम ध्यानात ठेवावे. म्हणजे यंत्राच्या मागून एकरी ४० किलो जात आहेत, आणि पट्ट्याबाहेरच्या ४० दाण्यांचे एकरी १९ किलो वेगळे. हे दुसरे नुकसान पुढच्या कटर बारचे आणि रीलचे (पीक कटर बारकडे लोटणाऱ्या फिरत्या चक्राचे) आहे किंवा शेंगा उभ्या पिकातच फुटल्या असतील. त्याचा जाळीशी, वॉकरशी संबंध नाही. आठ क्विंटलच्या उताऱ्यात ४० किलो म्हणजे पाच टक्के होतात. मागून जाणारा माल एक-दीड टक्क्याच्या आत राहिला पाहिजे असे मी मानतो, म्हणजे दोष खरा आहे, पण दीड क्विंटलचा नाही.

त्या हिरव्या पट्ट्यांनीच आपल्याला अर्धे उत्तर दिले आहे. रोपे शेतभर सारखी विखुरलेली असती, तर मी आपल्याला कटर बारकडे पाठवले असते. ती पट्ट्यात आहेत, म्हणून दाणा वॉकरवरून किंवा चाळणीवरून जातो आहे. एवढे आणखी पाहा, की पट्ट्याच्या एकाच कडेला रोपे दाट आहेत का. तसे असेल तर शेताच्या उतारामुळे माल एका बाजूला घसरतो आहे किंवा चाळणीची ती बाजू चोंदली आहे.

आता वॉकर आणि चाळणी यांत कोण दोषी, हे ठरवायचे. दोघांचाही माल जवळपास एकाच पट्ट्यात पडतो, त्यामुळे जमिनीकडे पाहून ते कळत नाही. त्यासाठी भरल्या पिकात यंत्र आहे त्या अवस्थेत थांबवावे लागते. नेहमीच्या वेगाने पन्नास-साठ फूट जाऊ द्यावे आणि क्लच दाबताच इंजिन बंद करावे, म्हणजे आतला माल जिथल्या तिथे राहतो. हे हंगामात एक-दोनदाच करावे, कारण यंत्राच्या बेल्टवर आणि इंजिनावर त्याचा ताण येतो. किल्ली काढून ती पाहणाऱ्याच्याच खिशात असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, पुढचा भाग जमिनीवर टेकवलेला असावा आणि ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही झाकणाला हात लावू नये. इंजिन बंद झाल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो. या एका गोष्टीत माझे म्हणणे कृपया कमी लेखू नका. बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

मग मागून वॉकरवरचे भुसकट हाताने उचलून पाहत पुढे जावे. निरोगी यंत्रात ड्रमखालच्या जाळीतूनच बहुतेक दाणा, साधारण दहात नऊ हिस्से, खाली पडलेला असतो आणि वॉकरवर उरलेला थोडा दाणा पहिल्या अर्ध्या लांबीत सुटतो. वॉकरच्या शेवटच्या हातभर लांबीत भुसकट झटकल्यावर दाणे पडत असतील, तर दोष वॉकरचा किंवा वॉकरवर जास्त दाणा पाठवणाऱ्या जाळीचा आहे. वॉकरचे शेवट कोरडे आणि वरच्या चाळणीच्या टोकापर्यंत दाणे पसरलेले, असे दिसले तर दोष पंख्याचा किंवा चाळणीचा.

आपण दिलेल्या खुणांवरून मला वॉकरचा संशय येतो, आणि त्यातही त्याच्या फेऱ्यांचा. वॉकर भुसकटाला वर उडवतो म्हणून त्यातला दाणा गाळला जातो. बहुतेक यंत्रांत क्रँकची त्रिज्या ५० मिलिमीटर असते आणि फेरे मिनिटाला २०० च्या आसपास. त्या फेऱ्यांना उसळी गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पट भरते. फेरे १६५ वर आले तर ती दीडपटीवर येते, कारण उसळी फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मग भुसकट उडत नाही, जाड गादीसारखे सरकत राहते, आणि दाणा त्या गादीत बसून बाहेर जातो. वॉकरला फिरवणारा पट्टा (बेल्ट) रिकाम्या यंत्रात बरोबर फिरतो आणि पीक आत आल्यावर घसरतो, त्यामुळे शेडमध्ये मोजून ही चूक सापडत नाही. आपण उपकरणांचे काम करता, तर भरल्या पिकात वॉकरच्या शाफ्टचे फेरे मोजा. मात्र चालत्या यंत्राशेजारी मोजणी यंत्र हातात धरून चालू नका. आणि इंजिन पिकात २२०० च्या किती खाली उतरते, हेही सोबत लिहून ठेवा. इंजिन उतरले की ड्रम, पंखा आणि वॉकर सगळेच उतरतात, आणि माणूस एकेकाला दोष देत बसतो.

मळणीवाला, मुलुंड

फिटर काकांनी सांगितले ते मला मान्य आहे, फक्त सुरुवात मी ड्रमपासून करीन. मी लातूरकडे आठ हंगाम स्वतःचे यंत्र चालवले. ऑक्टोबरमध्ये पंजाबहून येणाऱ्या चालकांसोबत राहून बरेच शिकलो. यंत्र विकून आता दोन वर्षे मुलुंडला आहे.

सोयाबीनला ७०० फेरे फार झाले. आपल्या यंत्राचा ड्रम नेहमीसारखा ६० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर ७०० फेऱ्यांना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. तो वेग गव्हाच्या जवळचा आहे. वाळलेल्या सोयाबीनला १४ ते १६ मीटर पुरतो, म्हणजे साधारण ४५० ते ५२० फेरे. आपल्याकडे शंभरात सहा-सात दाण्यांची डाळ होते आणि शेंगा भरलेल्या राहत नाहीत, यावरून मळणी गरजेपेक्षा जास्त होते आहे. जास्त मळणीचा दुसरा तोटा लवकर ध्यानात येत नाही. ड्रम काड्यांचे बारीक तुकडे करतो, ते दाण्यासोबत जाळीतून खाली येतात, चाळणीवर जाड थर होतो. मग चालक तो थर उडवायला पंखा वाढवतो आणि दाणा मागे जातो. चाळणी उघडली की तेच तुकडे रिटर्नमध्ये भरतात. आपल्या भावाला रोज ज्या चक्रात फिरावे लागते, ते असे तयार झाले असावे.

दुसरे, शेतात केना हे तण होते का, हे विचारा. यंदा पाऊस लांबला, तेव्हा असणारच. केन्याचा चिकट रस आणि त्यावर बसलेली माती मिळून जाळीच्या फटी दोन दिवसांत बुजतात. वरून जाळी ठीक दिसते, पण खालून बॅटरी लावून पाहिल्यावर उजेड आरपार येत नाही. जाळीतून न पडलेला दाणा साहजिकच वॉकरवर जातो. त्यासाठी फेऱ्यांच्या आधी जाळी साफ करणे मला योग्य वाटते, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

सकाळी दव असताना शेंग लवचीक असते, दहा-अकरानंतर ती कडक होते आणि चार वाजता दाणा नुसत्या धक्क्याने फुटतो. दाण्यात १३ ते १५ टक्के ओल असताना काढणी सर्वात चांगली होते. मी सकाळी ड्रम थोडा जलद आणि दुपारी हळू ठेवत असे. एकदा सेटिंग करून दिवसभर तसेच चालवणारा चालक कितीही हुशार असला, तरी दुपारी डाळ करतोच. एकराच्या भावाने काम असल्यामुळे वेग कमी करणे जिवावर येते, हे मी जाणतो. पण केन्याच्या शेतात ताशी तीन किलोमीटरवर या. वॉकरवरचे नुकसान वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर ते एकदम उसळते.

आणखी एक आठवले. ड्रमच्या मागे वॉकरच्या वर रबराचा किंवा ताडपत्रीचा पडदा लोंबत असतो. ओल्या पिकात तिथे गुंता होतो म्हणून बरेच चालक तो काढून ठेवतात. तो जागेवर आहे का, ते नक्की पाहा. त्याच्याविना ड्रम आणि त्यामागचा बीटर (भुसकट वॉकरवर ढकलणारे चक्र) दाण्याला थेट वॉकरच्या मध्यापर्यंत फेकतात, आणि मग गाळण्यासाठी अर्धीच लांबी उरते.

नागदेवी बेल्टवाले

माझे आयुष्य नागदेवी स्ट्रीटवर बेल्ट आणि बेअरिंग विकण्यात गेले आहे. शेतीच्या यंत्रांबद्दल मला फिटर साहेबांइतके ज्ञान नाही, पण दर ऑक्टोबरमध्ये गावाकडून येणारे लोक जी एक चूक करतात, ती सांगणे कर्तव्य समजतो. ते जुना पट्टा पिशवीत घेऊन येतात आणि याच लांबीचा द्या म्हणतात. जुना पट्टा ताणलेला असतो. त्याच्या मापाने नवा घेतला, तर ताण देणाऱ्या पुलीला पहिल्या दिवसापासून जागा उरत नाही. पट्ट्यावर छापलेला क्रमांक किंवा यंत्राच्या पुस्तिकेतला क्रमांक लिहून आणावा.

शिवाय कारखान्याच्या साध्या बी आणि सी पट्ट्यापेक्षा शेतीचे एचबी आणि एचसी पट्टे वेगळे असतात. मापाने ते सारखे दिसतात, पण शेतीच्या पट्ट्याची बांधणी झटके आणि पाठीवरून दाबणारी पुली सोसण्यासाठी केलेली असते. साधा पट्टा स्वस्त मिळाला म्हणून लावला, तर तो हंगामाच्या मध्यात दगा देतो. जिथे दोन पट्टे शेजारी धावतात, तिथे दोन्ही नवे आणि एका जोडीचेच घ्यावेत. एक जुना, एक नवा ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो.

पट्टा बदलण्याआधी पुलीची खाच पुसून बघा. पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरतो, तळाला त्याने टेकायचे नसते. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा किंवा पुली झिजून पट्टा खाली बसला आहे, आणि नवा पट्टाही झिजलेल्या पुलीत घसरेल. पट्ट्यावर चिकटपणाचा फवारा मारून दिवस काढता येतो, पण त्यावर धूळ बसून पट्टा आणखी लवकर जातो. ताईंनी क्रमांक आणला, तर इथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल सकाळी गावाजवळ पोहोचते. बरेच लोक तसेच मागवतात.

वसमतची लेक, विक्रोळी

सर्वांचे मनापासून आभार. मी शुक्रवारी रात्री निघून गावी गेले आणि काल परतले. काय आढळले ते सविस्तर लिहिते.

लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा चुंबकीय सेन्सर आणि आकडा दाखवणारी पेटी घेतली. वॉकरच्या पुलीवर चुंबकाची तबकडी पक्की बसवली, सेन्सर चौकटीला लावला आणि पेटी चालकासमोर ठेवली, म्हणजे यंत्राजवळ कोणी जाण्याचे कारण उरले नाही. रिकाम्या यंत्रात वॉकरचे फेरे २०४ होते. पिकात शिरल्यावर पेटीवरचा आकडा उतरू लागला आणि केन्याच्या जागी १६६ वर आला. इंजिन त्या वेळी २१०० च्या खाली गेले नव्हते, म्हणजे घसरण पट्ट्याचीच होती. भाऊ तो आकडा पाहून गप्प झाला. तोपर्यंत त्याचा यावर विश्वास नव्हता, कारण कानाला यंत्र नेहमीसारखेच वाजत होते.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे यंत्र भरल्या पिकात थांबवले आणि किल्ली मी माझ्या ओढणीच्या गाठीत बांधली. वॉकरच्या शेवटच्या टोकाचे भुसकट घमेल्यात झटकले, तर तळाला दाण्यांचा थर जमला. चाळणीच्या टोकाला मात्र मोजके दाणे होते. जाळी खालून पाहिली; निम्म्याहून थोड्या कमी फटी काळ्या, चामड्यासारख्या थराने बंद होत्या. तो थर आम्ही पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढला आणि त्याला दोन तास लागले.

एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. आमच्या यंत्रात प्रत्येक वॉकरच्या खाली बंद पन्हळ आहे, ज्यातून सुटलेला दाणा घसरत पुढे येतो. पाचपैकी तीन पन्हळींत माती आणि शेंगांची टरफले मिळून विटेसारखा घट्ट थर बसला होता. म्हणजे जो दाणा गाळला जात होता, तोही पुढे न येता थरावरून मागेच जात असणार. आणि तो पडदा जागेवर नव्हता. भावाने जुलैमध्ये यंत्र धुताना काढून ठेवला होता. तो शेडमध्ये खताच्या पोत्यांखाली सापडला.

आम्ही सगळे एकदम बदलले नाही, कारण मग कशाचा उपयोग झाला हे कळले नसते. आधी फक्त जाळी आणि पन्हळी साफ करून पडदा लावला. पट्ट्यातले दाणे ३१० वरून २३५ वर आले. त्यानंतर वॉकरचा बेल्ट बदलला. पुलीचा तळ नागदेवीच्या काकांनी लिहिल्याप्रमाणे चकाकत होता, म्हणून पुलीही बदलावी लागली. क्रमांक सांगून दोन्ही वस्तू मुंबईहून मागवल्या आणि त्यात एक दिवस गेला. आता पिकात फेरे १९८ च्या खाली जात नाहीत, आणि दाणे १४० वर आले. शेवटी ड्रम ५२० वर आणला, पंखा थोडा कमी केला आणि केन्याच्या जागी वेग तीनवर ठेवला. शेवटच्या मोजणीत पट्ट्यात ९५ आणि पट्ट्याबाहेर ४५ दाणे मिळाले. दुरुस्त हिशोबाने मागचे नुकसान एकरी साडेसात किलोच्या आत आले, म्हणजे एक टक्क्याहून थोडे कमी. टाकीतली डाळ शंभरात दोन दाण्यांवर आली आणि पंखा कमी असूनही कचरा वाढला नाही.

मळणीवाले दादा, तुमचे ड्रमचे म्हणणे बरोबर होते, पण आमच्या यंत्रात सर्वात मोठी उतरण पट्टा आणि पुली बदलल्याने झाली. ज्या काकांचे शेत उगवले होते, त्यांच्याकडून भावाने निम्मीच मजुरी घेतली. त्यांचा दुसरा तुकडा अजून उभा आहे आणि तो त्यांनी आम्हालाच सांगितला आहे.

दोन शंका उरल्या. पट्ट्याबाहेरचे ४५ दाणे कमी करता येतील का? आणि पुढे हरभऱ्याला जाताना काय बदलावे?

मळणीवाला, मुलुंड

पन्हळींची गोष्ट माझ्याही ध्यानात नव्हती. माझ्या यंत्राचे वॉकर खालून उघडे होते, म्हणून तो प्रश्न कधी आला नाही. फेऱ्यांच्या बाबतीत मी चुकलो हे मान्य करतो, तुमची मोजणी स्पष्ट आहे.

हरभऱ्याबद्दल एवढेच सांगतो, की जाळी आणखी सैल करा आणि ड्रम ४५० पासून सुरू करून गरज पडली तरच वाढवा. घाटे जमिनीलगत असतात, त्यामुळे खरे नुकसान पुढेच होते. शेत सपाट नसेल तर माती आणि खडेही आत येतात. शक्य असेल तर आसपासच्या शेतकऱ्यांना राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले विक्रमसारखा उंच वाढणारा वाण सुचवा. तो यंत्राने काढता यावा म्हणूनच काढलेला आहे.

जुना फिटर, भांडुप

ताई, एका वेळी एकच बदल करून आपण जी मोजणी केलीत, ती अनेक जाणती माणसेही करत नाहीत. वाचून फार समाधान वाटले. पन्हळींबद्दल मी लिहायला हवे होते, ते राहून गेले. दर चार दिवसांनी वॉकर मागून उचलून त्या पाहाव्यात, आणि त्याच वेळी वॉकरच्या क्रँकवरचे लाकडी गुटके हाताने हलवून बघावेत. ते सैल झाले की वॉकर ठोकल्यासारखा आवाज करतो आणि पुढे क्रँकच खातो.

पट्ट्याबाहेरच्या ४५ दाण्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. त्या काकांच्या उभ्या तुकड्यात, यंत्र जाण्यापूर्वी, तीच चौकट चार-पाच ठिकाणी ठेवा आणि शेंगा आपोआप फुटून पडलेले दाणे मोजा. ते ४५ मधून वजा केल्यावर जे उरेल, तेच कटर बारचे आणि रीलचे. रीलचा वेग यंत्राच्या वेगापेक्षा किंचितच जास्त असावा. तो फार झाला तर रीलच्या काट्यांनी वाळलेल्या शेंगा फुटतात, आणि दुपारनंतर तर त्या हमखास फुटतात. कटर बार जमिनीपासून जितका खाली नेता येईल तितका न्यावा, कारण सोयाबीनच्या सर्वात खालच्या शेंगा चार बोटांवर असतात आणि वर कापले की त्या खोडासकट शेतात राहतात. बोथट पाती असतील तर झाड कापले जाण्याआधी हलते, त्यानेही दाणा सांडतो.

सेन्सर काढू नका. नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पेटीवरचा आकडा १९८ च्या खाली जात नाही ना, हे भावाला पाहायला सांगावे. उभ्या पिकातली मोजणी झाली की आकडे इथे लिहा, मग रीलचे पाहू.